बाटलीएवढ्या डब्यात पाण्याखालचं इलेक्ट्रिक आणि मॅग्नेटिक फील्ड मोजायचंय? मग चिप सगळ्यात शेवटी निवडा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की पाण्याच्या बाटलीएवढ्या डब्यात तिन्ही दिशांचं मॅग्नेटिक फील्ड आणि तिन्ही दिशांचं इलेक्ट्रिक फील्ड मोजायचंय, डबा एका छोट्या पाण्याखालच्या रोबोटला लावायचाय, सध्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू इलेक्ट्रोड म्हणून लावलेत आणि फोनमध्ये असतो तसला मॅग्नेटोमीटर बसवलाय, रीडिंग सारखं नाचतंय, तर याहून भारी चिप कुठली घेऊ आणि एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारी चिप) किती बिटचा घेऊ.

चिप बदलून हे नाचणं थांबणार नाही. मी या कामात बरीच वर्षं आहे आणि सुरुवातीची दोन वर्षं अगदी हेच करत होतो, ॲम्प्लिफायर बदल, बोर्ड बदल, फिल्टर बदल, आणि दरवेळी ग्राफ तसाच वाकडा. नंतर डोक्यात प्रकाश पडला की पाण्याखाली सेन्सर म्हणजे चिप नसतेच, सेन्सर म्हणजे इलेक्ट्रोड, त्यांच्यातलं अंतर, डब्याचा आकार आणि तो डबा किती हलतो हे सगळं मिळून. चिप त्याच्या मागे बसून फक्त लिहून घेते.

तुम्ही चार गोष्टी सांगितलेल्या नाहीत आणि सगळं त्यांच्यावरच अवलंबून आहे: किती लहान फील्ड बघायचंय, कुठल्या फ्रिक्वेन्सीला, पाणी खारं की गोडं, आणि मोजताना रोबोट उभा असणार की चालता. मी समुद्राचं पाणी आणि काही मिलीहर्ट्झपासून शे-दोनशे हर्ट्झपर्यंतचा पट्टा धरून लिहितो, गोड्या पाण्यात काय बदलतं ते मध्ये येईल.

फ्रिक्वेन्सीचं आधी बोलतो कारण त्याने अर्धी कामं आपोआप कटतात. समुद्राच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी साधारण ४ सीमेन्स पर मीटर, त्यामुळे बदलतं फील्ड त्यात पटकन मरतं. स्किन डेप्थ, म्हणजे फील्ड साधारण एक तृतीयांश उरतं तेवढं अंतर, काढायची सोपी युक्ती म्हणजे २५० मीटर भागिले फ्रिक्वेन्सीचं वर्गमूळ, म्हणजे १ हर्ट्झला २५० मीटर, ५० हर्ट्झला ३५ मीटरच्या आसपास, १ किलोहर्ट्झला जेमतेम ८ मीटर. तेव्हा दूरवरच्या गोष्टी बघायच्या असतील तर वरच्या फ्रिक्वेन्सीसाठी सर्किट बनवत बसण्यात अर्थ नाही, आणि खालच्या फ्रिक्वेन्सीला गेलात की इलेक्ट्रोड आणि ॲम्प्लिफायर दोघांचा रेंगाळणारा हळू नॉइज समोर उभा राहतो. या कात्रीतच सगळं डिझाइन आहे.

आता इलेक्ट्रिक फील्ड. इथे व्होल्टेज म्हणजे फील्ड गुणिले दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर, बस. समुद्रतळावर ठेवायच्या मोठ्या रिसीव्हरना १० मीटरच्या आसपास लांबीचे हात असतात, तुमच्याकडे फार तर २० सेंटिमीटर. म्हणजे तेवढ्याच फील्डला पन्नासावा हिस्सा व्होल्टेज. अंदाज यावा म्हणून शार्क घ्या, त्यांच्या नाकाडावरच्या जेलीने भरलेल्या बारीक नळ्या, ज्यांचं वर्णन इटालियन वैद्य लोरेन्झिनीने १६७८ मध्ये केलं, त्या ५ नॅनोव्होल्ट पर सेंटिमीटर इतकं फील्ड ओळखतात असं प्रयोगात दिसलंय. तेच ०.५ मायक्रोव्होल्ट पर मीटर. तुमच्या २० सेंटिमीटरवर याचे होतात १०० नॅनोव्होल्ट.

१०० नॅनोव्होल्ट ऐकून घाबरायला होतं, पण चांगला चॉपर ॲम्प्लिफायर (खालच्या फ्रिक्वेन्सीचा नॉइज कमी ठेवणारा) ५ ते १० नॅनोव्होल्ट पर रूट हर्ट्झला मिळतो आणि तुमची बँडविड्थ १ हर्ट्झ असेल तर तेवढं पुरतं. इलेक्ट्रोडचा स्वतःचा थर्मल नॉइज तर अजून कमी. गोल इलेक्ट्रोडचा पाण्यातला रेझिस्टन्स म्हणजे १ भागिले (४ गुणिले π गुणिले कंडक्टिव्हिटी गुणिले त्रिज्या), म्हणून १ सेंटिमीटर त्रिज्येला समुद्रात फक्त २ ओहम येतात आणि २ ओहमचा नॉइज ०.२ नॅनोव्होल्टच्याही खाली. यावरून दोन गोष्टी कळतात. एक, ज्या चिपची जाहिरात ‘इनपुट करंट जवळजवळ शून्य’ अशी असते ती इथे मुद्दाम शोधायची गरज नाही, सोर्स इतका कमी ओहमचा आहे की तुम्हाला व्होल्टेज नॉइज कमी असलेली हवी, आणि तोही खालच्या फ्रिक्वेन्सीला कमी. दुसरं, गोड्या पाण्यात हेच गणित उलटतं. कंडक्टिव्हिटी ०.०२ धरली तर तोच इलेक्ट्रोड ४०० ओहमचा होतो, थर्मल नॉइज अडीच नॅनोव्होल्टवर जातो, मग इलेक्ट्रोड मोठे करावे लागतात आणि ॲम्प्लिफायरचा करंट नॉइजही हिशोबात धरावा लागतो.

म्हणजे समुद्रात ॲम्प्लिफायर पुरेसा आहे. मग नाचतंय काय? तुमचे स्क्रू.

स्टेनलेसवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो पाण्यात सतत कुठे तुटतो कुठे जुळतो आणि प्रत्येक स्क्रूचं पोटेन्शियल आपल्या मर्जीने मिलिव्होल्टमध्ये भटकत राहतं. तुम्हाला हवेत १०० नॅनोव्होल्ट. १ मिलिव्होल्ट म्हणजे त्याच्या दहा हजार पट. वाईट वाटून घेऊ नका, फॅरेडेचीही हीच गत झाली होती. १८३२ मध्ये त्याने वॉटर्लू पुलाच्या कठड्यावरून ९६० फूट तांब्याची तार टाकली, दोन्ही टोकांना धातूच्या प्लेट्स थेम्समध्ये सोडल्या, कारण वाहतं पाणी पृथ्वीच्या मॅग्नेटिक फील्डमधून जातंय तर नदीच्या आरपार व्होल्टेज यायलाच हवं. कल्पना शंभर टक्के बरोबर होती, पण प्लेट्सच्या केमिस्ट्रीने आणि तापमानाने इतका गोंधळ घातला की हवा तो सिग्नल त्यातून वेगळा काढता आला नाही.

हळू सिग्नलसाठी सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड घ्या. विकत मिळतात, घरी पण बनतात. शुद्ध चांदीची तार बारीक पॉलिश पेपरने घासायची, मीठाच्या पाण्यात प्लसला जोडून दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिअँपपेक्षा कमी करंटने हळूहळू क्लोराइड चढवायचा, तार जांभळट-तपकिरी होते. घाई केली तर थर भुसभुशीत येतो आणि सोलपटतो. नेहमी सहा-आठ एकदम बनवा, सगळे एकाच भांड्यात वायर शॉर्ट करून काही दिवस अंधारात पडू द्या, मग दोन-दोनच्या जोड्या लावून बघा आणि ज्या जोडीचा फरक सगळ्यात कमी आणि मुख्य म्हणजे सगळ्यात स्थिर ती घ्या. ऑफसेट थोडा असला तरी चालतो, तो भटकत असेल तर नाही चालत. वापरात नसताना पण शॉर्ट करून, खाऱ्या पाण्यात, अंधारात. मीठ आयोडीनवालं घेऊ नका, आयोडाइड त्या क्लोराइडच्या थरात घुसतं. समुद्रात ब्रोमाइड असतंच आणि ते पण हळूहळू क्लोराइडची जागा घेतं, म्हणून प्रत्यक्ष वापरायच्या आधी आठवडाभर खऱ्या समुद्राच्या पाण्यात मुरवलेली जोडी कमी ड्रिफ्ट होते. आणि काळ्या, सडक्या अंड्याचा वास येणाऱ्या चिखलात कधी टोचू नका, सल्फाइडने चांदीचे इलेक्ट्रोड कायमचे वाया जातात.

अंधाराचं का सांगतोय ते ऐका. एकदा टाकीत टेस्ट चालू होती, रोज दुपारी साधारण एकाच वेळेला ग्राफ एका बाजूला वाकायचा, तास-दीड तास तसाच राहायचा आणि परत यायचा. आम्ही शेजारच्या मोटरपासून अर्थिंगपर्यंत सगळं तपासलं. चौथ्या दिवशी मी नुसता स्टूल टाकून टाकीसमोर बसलो, तर खिडकीतून उन्हाचा एक चौकोन सरकत सरकत आला, आधी एका इलेक्ट्रोडवर चढला आणि लॅपटॉपवर ग्राफ वाकायला लागला. हात आडवा धरला, ग्राफ थांबला. सिल्व्हर क्लोराइड प्रकाशाला चिडतं, जुन्या फोटोग्राफीत चांदीचे क्षार वापरायचे ते उगाच नाही. त्यात एका बाजूचं पाणी तापतं ते वेगळंच, कारण या इलेक्ट्रोडचं पोटेन्शियल दर अंशाला काही शे मायक्रोव्होल्टने सरकतं, म्हणजे दोघांत एक शतांश अंशाचा फरक पडला तरी काही मायक्रोव्होल्ट गेले. म्हणून इलेक्ट्रोड उघडे लटकवू नका, बारीक भोकं असलेल्या प्लास्टिकच्या टोपीत ठेवा म्हणजे उजेड, बुडबुडे आणि पाण्याचे अचानक झोत तिन्ही अडतात.

१ हर्ट्झच्या वरचंच हवं असेल तर कार्बन फायबरचा झुबका पण छान चालतो, पृष्ठभाग प्रचंड असल्यामुळे तो पाण्याशी कपॅसिटरसारखा जोडला जातो, दणकट असतो, वाळला तरी बिघडत नाही. डीसी, म्हणजे न बदलणारं फील्ड, मात्र त्याच्याकडे मागू नका.

डब्याच्या आकाराकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, आणि छोट्या सेन्सरमध्ये खरा फायदा तिथेच आहे. पाण्यातला करंट तुमच्या डब्याला वळसा घालून जातो. डबा इन्सुलेटरचा आणि गोल असेल आणि इलेक्ट्रोड समोरासमोरच्या दोन टोकांवर बसवले तर त्यांच्यातलं व्होल्टेज फील्ड गुणिले व्यासाच्या बरोबर दीडपट येतं. फुकटात पन्नास टक्के सिग्नल! धातूचा उघडा डबा घेतलात तर उलट होतं, करंट डब्यातूनच निघून जायला बघतो आणि फील्ड दाबलं जातं, शिवाय धातू आणि शेजारचा दुसरा धातू मिळून पाण्यात स्वतःची बॅटरी तयार करतात ती वेगळी. रोबोटवर गंज टाळायला झिंकचा तुकडा लावलेला असेल तर तो चोवीस तास करंट सोडतोय हे लक्षात ठेवा, तुमचा सेन्सर सगळ्यात आधी त्यालाच मोजेल. तेव्हा डबा ॲसिटल किंवा एचडीपीई प्लास्टिकचा, खोल जायचं तर PEEK नावाच्या मजबूत प्लास्टिकचा किंवा काचेचा गोळा, आणि सेन्सर रोबोटच्या पुढे ताठ दांड्यावर. ताठच हवा, कारण लवचिक वायर पृथ्वीच्या फील्डमध्ये हलली की तिच्यातच व्होल्टेज तयार होतं.

आणि ही दीडपट कागदावरची आहे, बाटली काही गोल नसते, म्हणून पूर्ण डबा जसा पाण्यात जाणार तसा टाकीत कॅलिब्रेट करायचा. लांब टाकीच्या दोन्ही टोकांना पूर्ण आडवी प्लेट लावायची, माहीत असलेला करंट सोडायचा, मग फील्ड म्हणजे करंट भागिले टाकीचा छेद भागिले कंडक्टिव्हिटी. ४० बाय ३० सेंटिमीटरच्या छेदाला खाऱ्या पाण्यात १ मिलिअँप म्हणजे साधारण २ मिलिव्होल्ट पर मीटर. डब्याने छेदाचा मोठा भाग अडवायला नको, नाहीतर तुम्ही टाकीच कॅलिब्रेट कराल.

आता मॅग्नेटिक. इथे तुमचा शत्रू हालचाल. पृथ्वीचं फील्ड जागेप्रमाणे २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला. ५०,००० धरा आणि सेन्सर फक्त एक हजारांश अंश फिरवा, एका अक्षावर जवळपास ०.९ नॅनोटेस्लाचा बदल दिसतो. रोबोट तर पाण्यात एक-दोन अंश सहज डोलतो, म्हणजे हजारभर नॅनोटेस्ला आणि वर. मग १० पिकोटेस्लाचा महागडा फ्लक्सगेट (चुंबकीय गाभ्यावर कॉइल असलेला संवेदनशील मॅग्नेटोमीटर) लावून काय मिळालं? चालत्या रोबोटवर चांगला मॅग्नेटो-इंडक्टिव्ह सेन्सर (छोट्या कॉइलवर चालणारा साधा मॅग्नेटोमीटर) आणि तसला फ्लक्सगेट यांच्या कच्च्या अक्षांच्या डेटात मला तरी फारसा फरक कधी दिसला नाही. तळावर स्थिर ठेवायचं असेल तर फ्लक्सगेट घ्याच, तिथे त्याचे पैसे वसूल होतात. सर्च कॉइल (तारेची गुंडाळी) काही हर्ट्झच्या वर उत्तम, पण फ्रिक्वेन्सी कमी होईल तसं तिचं व्होल्टेजही घटत जातं, म्हणून खाली आली की आंधळी, आणि छोट्या डब्यात वळणं आणि क्षेत्रफळ दोन्हीची मारामार.

चालताना निदान एकूण फील्ड तरी नीट मिळावं म्हणून तिन्ही अक्षांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ असं करतात, फिरण्याचा परिणाम त्याने बराच जातो. पण अक्ष एकमेकांना अचूक काटकोनात नसतात आणि तिघांचा गेन (सिग्नल किती पट होतो ते) सारखा नसतो, त्यामुळे फिरणं मागच्या दाराने परत येतं. उपाय म्हणजे मोकळ्या जागी, लोखंडापासून लांब, डबा सगळ्या दिशांना सावकाश फिरवून डेटा घ्यायचा आणि एकूण फील्ड कायम राहील असे नऊ आकडे बसवायचे: तीन ऑफसेट, तीन गेन, तीन कोन. हे काम डबा पूर्ण पॅक करून, एपॉक्सी भरून, रोबोटवर बसवून करायचं. आधी केलं तर वाया, कारण एपॉक्सी आकसताना फ्लक्सगेटच्या कोअरवर ताण येतो आणि ऑफसेट सरकतो.

बॅटरीबद्दल. गोल लिथियम सेलचा डबा स्टीलचा असतो, पाऊचवाल्या सेलच्या पट्ट्यांतही निकेल असतं. फील्ड अंतराच्या घनाने घटतं, म्हणून दुप्पट लांब नेलं की आठवा हिस्सा, अंतर हाच सगळ्यात स्वस्त उपाय. आणि वायरमधला करंट: १ अँप एका सरळ वायरीतून गेला तर १ मीटरवर २०० नॅनोटेस्ला, म्हणजे १० सेंटिमीटरवरून नुसते १० मिलिअँप गेले तरी २०. जाणारी-येणारी वायर एकमेकींना घट्ट पिळा. मी प्रत्येक स्क्रू, स्प्रिंग, कनेक्टर बसवायच्या आधी चालू सेन्सरजवळ धरून फिरवून बघतो, सुई हलली की तो पार्ट बाद. ‘स्टेनलेस आहे, चुंबक चिकटत नाही’ यावर जाऊ नका, ३०४ ग्रेडचं स्टील वाकवलं-ठोकलं की थोडं मॅग्नेटिक होतं. पितळ, टायटॅनियम किंवा प्लास्टिकचे स्क्रू वापरा, फक्त उघडा धातू पाण्याला लागू देऊ नका, वर सांगितलेलं बॅटरीचं प्रकरण आहेच.

दोन्ही सेन्सर एकत्र आले की अजून एक लफडं. फ्लक्सगेटला ढकलायला काही किलोहर्ट्झचा करंट लागतो, तो इलेक्ट्रोडच्या वायरीत शिरतो आणि सॅम्पलिंगमध्ये दुमडून खाली हळू लाटेसारखा दिसतो, माणूस समजतो काहीतरी सापडलं. दोघांचं क्लॉक एकच ठेवा आणि एडीसीच्या आधी साधा फिल्टर टाका. बॅटरीचा मायनस पाण्याला कुठेही लागता कामा नये, मोटरच्या सर्किटपासून सेन्सरचं सर्किट पूर्ण आयसोलेट करा, तिसरा रेफरन्स इलेक्ट्रोड वेगळा द्या. एडीसी २४ बिटचा डेल्टा-सिग्मा घ्या, त्यातले विसेक बिट खरे मिळतात आणि ±६५,००० नॅनोटेस्लात ०.१ बघायला तेवढेच लागतात. झालं, एडीसीचं एवढंच.

एक गोष्ट मात्र कुठल्याच डिझाइनने जात नाही आणि ती म्हणजे फॅरेडेचंच व्होल्टेज. ५०,००० नॅनोटेस्लात पाणी आणि सेन्सर एकमेकांच्या तुलनेत १ मीटर पर सेकंद आडवे गेले तर ५० मायक्रोव्होल्ट पर मीटर. तुमचा रोबोट अर्धा मीटरने चालला तरी २५, म्हणजे त्या शार्कच्या मर्यादेच्या पन्नास पट. हा नॉइज नाही, खरं फील्ड आहे, फिल्टरने काढायला गेलात तर सिग्नलही जाईल. म्हणून वेग, दिशा आणि तिन्ही अक्षांचं मॅग्नेटिक रीडिंग त्याच टाइमस्टॅम्पवर नोंदवा आणि नंतर गणिताने वजा करा, तुमच्या डब्यात दोन्ही सेन्सर एकत्र असण्याचा मोठा फायदा हाच. पाण्याखाली जीपीएस नसतं आणि १ पीपीएमचं (दहा लाखांत एक चुकणारं) घड्याळाचं क्रिस्टल दिवसाला ८६ मिलिसेकंद सरकतं, तेव्हा वेग दुसऱ्या यंत्रात नोंदवत असाल तर बुडवताना आणि वर काढल्यावर दोन्ही वेळा घड्याळं जुळवून घ्या.

आत्ता नवी चिप किंवा सेन्सर विकत घेऊ नका. झाकणाच्या बादलीत लिटरला ३५ ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ टाका, दोन चांदीचे इलेक्ट्रोड बनवा, रात्रभर शॉर्ट ठेवा, मग शॉर्ट काढून आहे त्याच ॲम्प्लिफायरवर चोवीस तास रेकॉर्ड करा, बादलीला हात न लावता, आणि पाण्याचं तापमान पण सोबत नोंदवा. मग तेच तुमच्या स्क्रूंवर करा. दोन्ही ग्राफ एकाच स्केलवर काढून टाका इथे, आणि पाणी खारं की गोडं, रोबोट उभा की चालता एवढं सांगा, इलेक्ट्रोडचा साइज आणि गेन किती ठेवायचा ते त्यावरून बघू.